सुरांच्या शेपट्या कुणी कापल्या?

१

आतल्या खोलीतून यज्ञेशची किंकाळी आली तेव्हा राजाभाऊ जोगळेकर दाढीचं पाणी तापायची वाट बघत पडवीत उभे होते. आंब्याच्या अढीत पुन्हा विंचू निघाला असणार, असं समजून ते केरसुणी घेऊन धावले.

"कुठाय?"

"बाबा, चोरी झालीय."

राजाभाऊंनी खोलीवरून नजर फिरवली. कॉम्प्युटर जागेवर होता. त्याला जोडलेली काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची पेटी जागेवर होती. पंखा होता. तीन भिंतींना लागून पेंढ्यात पसरलेले हापूसही होते, आणि मे महिन्यात रत्नागिरीतल्या घरात याहून मौल्यवान काही नसतं.

"गेलं काय?"

"सुरांच्या शेपट्या," यज्ञेश म्हणाला आणि डोकं धरून खुर्चीत बसला.

राजाभाऊंनी केरसुणी खाली ठेवली. या चोरीला तिचा उपयोग नाही, एवढं त्यांना कळलं. त्यापुढचं काही कळलं नाही, आणि ही स्थिती जवळजवळ संध्याकाळपर्यंत टिकली.

राजाभाऊ वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीच्या ऐन भरात त्यांनी राजापूरच्या एका व्यापाऱ्याचं पोकळ वजन नुसतं हातात घेऊन ओळखलं होतं. तेव्हापासून आळीत काही हरवलं की लोक त्यांच्याकडे येत. हरवलेली बहुतेक माणसं मुंबईला सापडत आणि हरवलेल्या बहुतेक वस्तू शेजाऱ्याकडे. त्यामुळे राजाभाऊंची कीर्ती टिकून होती. मात्र शेपटी गेल्याची तक्रार आजवर फक्त पालीच्या बाबतीत झाली होती.

"नीट सांग," ते म्हणाले. "मला कळेल असं सांग."

"ते जरा अवघड आहे, बाबा."

अवघड होतंच. पुण्याची नोकरी सोडून यज्ञेश दोन वर्षांपूर्वी घरी आला होता तो याच कामासाठी. कुठल्याशा थंड देशात पाच वादकांनी आपापल्या वाद्याचा एकेक सूर, हळू, मध्यम आणि जोरात, वाजवून ठेवला होता. आपल्याकडे बरणीत लोणचं घालून ठेवतात तसा. ते सूर सीडीवर मिळत. यज्ञेश पेटीवर बोट ठेवी आणि रत्नागिरीत त्या देशातली बासरी वाजे. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, जाड आवाजाचा बसून आणि हॉर्न. यातली चार लाकडी वाद्यांच्या कुळातली आणि पाचवं पितळेचं. ते या घरात घरजावयासारखं राहत असे आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे. ओबो म्हणजे सनईची विलायती मावसबहीण, हे राजाभाऊंना अलीकडेच कळलं होतं. तोवर ते त्याला गोव्याचा कुणी गृहस्थ समजत होते.

मुंबईच्या एका संस्थेने या पाच वाद्यांसाठी नवी रचना मागवली होती. निवडलेली रचना डिसेंबरात खरे वादक परदेशातून येऊन वाजवणार होते. अट एकच: माणसाला वाजवता आली पाहिजे. सीडी आज संध्याकाळच्या कुरिअरने निघाली तरच पोचणार होती. निवड झाली नाही तर जूनमध्ये बिऱ्हाड पुन्हा पुण्याला, असं यज्ञेशने बायकोला कबूल केलेलं होतं. म्हणजे यज्ञेश, वैदेही आणि त्यांच्या खोलीतला तो रात्रंदिवसचा आवाज, असं सगळंच घरातून जाणार होतं. राजाभाऊंना त्यातलं नेमकं काय नको होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी दोन दिवस अलोऱ्याला मित्राचं दुकान लावून द्यायला गेलो," यज्ञेश म्हणाला. "जाताना सगळं पुरं होतं. आता हे बघा."

पडद्यावर रंगीत पट्ट्या आडव्या पसरल्या होत्या. पट्टी लांब तितका सूर लांब. यज्ञेशने वाजवलं. बासरी छान चालली होती आणि मध्येच थांबली, जरा गप्प बसली, पुन्हा सुरू झाली.

"बघितलंत? इथे मी सूर सलग धरला होता. कुणीतरी पट्टीचं टोक कापलंय. पुढे पुन्हा. पुढे पुन्हा!"

"मग पहिली प्रत काढ."

यज्ञेशने वर बोट दाखवलं. राजाभाऊंनी छताकडे पाहिलं, मग त्यांना उमगलं. वर गच्ची होती. तिथे पोह्यांचे पापड वाळत होते. पापडांवर कावळे येऊ नयेत म्हणून यज्ञेशच्या आईने, मालिनीबाईंनी, दोरीला चकचकीत तबकड्या बांधल्या होत्या, आणि गेला आठवडाभर यज्ञेशची एकमेव जपून ठेवलेली प्रत मे महिन्याच्या उन्हात कावळे हाकत होती.

२

खरा गुप्तहेर आधी वेळ विचारतो. राजाभाऊंनीही विचारली.

"हे बदल कधी झाले ते यंत्र सांगतं ना?"

"सांगतं. एक जानेवारी."

"एक जानेवारीला तू इथे होतास."

"त्याची आतली बॅटरी गेलीय, बाबा. चालू केलं की रोज एक जानेवारीच असते."

राजाभाऊंनी मान हलवली. ज्या साक्षीदाराच्या मते जगातल्या सर्व घटना एक जानेवारीलाच घडतात, त्याची साक्ष काय कामाची? त्यांनी माऊस उचलून नाकाशी धरला. त्याला आंब्याचा वास येत होता. हा पुरावा म्हणून उत्तम होता, पण या दिवसांत रत्नागिरीत ज्याच्या हाताला आंब्याचा वास नाही तोच माणूस संशयास्पद.

आणि असा एक माणूस होता.

शेजारचा ओमकार भाटकर आंब्याचा दलाल होता, आणि त्याला मधुमेह असल्याने आंबा फक्त डोळ्यांनी खात असे. लग्नसराईत तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवी. यज्ञेशचं यंत्र त्याच्या मनात भरलं होतं. यज्ञेश पुण्याला गेला तर ते स्वस्तात पदरात पडेल, असं तो सगळ्यांना मोकळेपणाने सांगत असे. राजाभाऊंनी त्याला कुंपणाशीच गाठलं.

"ओमकार, काल-परवा आमच्या आतल्या खोलीत आला होतास?"

"आलेलो की. आंबे बघूक आलेलो. काकूनीच बोलावलान. का ओ? काय झाला?"

"यज्ञेशच्या गाण्याची मोडतोड झालीय."

ओमकारने तोंडातला तंबाखूचा ऐवज एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "मोडतोड झाली ती कळली कशी? माका तर ता पयल्यापासून मोडलेलाच वाटायचा."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाय, काका. मी कशाक मोडू? गाणा पाडून माका यंत्र मिळेल, पण काकू माका पुन्हा चहा देतील काय?"

हा युक्तिवाद कायद्यात बसत नव्हता, पण वजनदार होता. राजाभाऊ घरी परतले.

दुसरी संशयित सूनबाई. वैदेही स्वयंपाकघरात सत्यनारायणाच्या प्रसादाचा रवा भाजत होती. सीडी रवाना व्हायच्या आधी पूजा करायची, हे मालिनीबाईंनी महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. सीडी देवापुढे ठेवायची होती. तिला हळदकुंकू लावायचं नाही, लावलं तर ती वाचली जाणार नाही, यावर घरात तीन दिवस चर्चा झाली होती.

"वैदेही, एक विचारू? राग मानू नकोस."

"विचारा ना, बाबा. मीच केलंय का, हेच ना?"

"तुला पुण्याला जायचंय."

"जायचंयच. तिथे माझी नोकरी आहे, इथे नुसता पंखा आहे. आणि तीन महिने तो ओबो ऐकून माझं डोकं उठलंय, हेही खरंय." तिने उलथनं कढईच्या काठावर आपटलं. "पण मी केलं असतं ना, बाबा, तर सगळंच्या सगळं पुसलं असतं. नुसत्या शेपट्या कापायला मला वेळ कुठाय? मी अर्धी कामं करत नाही, हे तुम्हाला माहितीय."

राजाभाऊंना माहीत होतं. याच वैदेहीने गेल्या दिवाळीत त्यांची जुन्या वर्तमानपत्रांची चळत एकही अंक न वगळता रद्दीत घातली होती.

पण बोलता बोलता तिने एक गोष्ट त्यांच्या हातात दिली होती. वैरी असता तर त्याने सगळंच पुसलं असतं. मग हा कसला वैरी, जो नुसत्या कडा छाटतो?

३

पुतणी स्वानंदी केळीचे खुंट घेऊन आली. ती गाण्याचे वर्ग चालवत असे आणि यंत्रातून निघणाऱ्या सुरांना ती सूर मानत नसे.

"काका, मी त्या खोलीत पाय ठेवत नाही," ती म्हणाली. "मला गुरुपौर्णिमेला तोंड दाखवायचंय."

"पण तू एकदा म्हणाली होतीस, त्या गाण्यात काहीतरी कमी आहे."

"कमी नाही. जास्त आहे. पण काय जास्त आहे ते नाही सांगता येत. ऐकताना कुणीतरी उंबऱ्यावर उभं राहून आत येतही नाही आणि जातही नाही, असं वाटत राहतं."

राजाभाऊंनी हे वाक्य मनात नोंदवलं आणि लगेच त्याचा अर्थ त्यांच्या हातून सुटला.

यज्ञेशने मात्र स्वानंदीला सोडवलं. "ती नाही, बाबा. जिला गाणं कळतं ती स्वरवाक्य पुरं होऊ देईल. इथे मध्येच तोडलंय. वाक्य चाललंय आणि शब्द गिळला, तसं. हे गाणं न कळणाऱ्या माणसाचं काम आहे."

"म्हणजे माझ्यासारख्याचं?"

"तुम्हाला यंत्र सुरूही करता येत नाही."

निर्दोष ठरण्याची ही पद्धत राजाभाऊंना अपमानास्पद वाटली, पण त्यांनी ती मान्य केली.

उरल्या मालिनीबाई. राजाभाऊंनी त्यांना संशयितांत धरलंच नाही, आणि त्याला कारण होतं. यज्ञेश इथेच राहावा म्हणून देवाला साकडं घालणारी घरातली ती एकच व्यक्ती. आजचा सत्यनारायण तिचाच. स्वतःच्या नवसावर कोण बोळा फिरवेल? शिवाय तिचा कॉम्प्युटरशी संबंध एवढाच की दुपारी आंबे परतवून झाले की ती त्यावर पत्ते लावत बसे. एक पत्ता ओढून दुसऱ्यावर ठेवायचा, त्यात तिचा वेळ छान जाई.

त्या वेळी मालिनीबाई फुलं आणायला निघाल्या होत्या. घर उताराच्या तळाशी होतं. रिक्षा मिळायची तर जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी चढून रस्त्यावर जावं लागे. बाजारात निघाल्या की मालिनीबाई वाटेतल्या प्रत्येक अंगणाच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, थांबत. बेड्यावर हात टेकवून मथुराकाकूंच्या सुनेचं बाळंतपण विचारत, पुढच्या बेड्याशी लवूच्या गाईचं. राजाभाऊ वर रस्त्यावर छत्री घेऊन ताटकळत. दोन-तीन वर्षांत हा बोलघेवडेपणा फारच वाढला होता. घरात मात्र उलट झालं होतं. पूर्वी त्या एका दमात राजाभाऊंच्या सात चुका मोजत. हल्ली दोन-तीन शब्दांत आवरतं घेत. इतक्या वर्षांनी आपली बाजू तिला पटायला लागली, असा राजाभाऊंचा समज होता. वादात आपण जिंकायला लागलो याचं त्यांना मनातून बरं वाटत असे.

"मी जाऊन येते," मालिनीबाई म्हणाल्या. "चोर सापडला?"

"शोधतोय."

"सापडला तर... ओरडू नका त्याला," त्या म्हणाल्या आणि घाटीला लागल्या.

चोराची बाजू घेणारी बाई आपल्या घरात आहे, याचं राजाभाऊंना क्षणभर नवल वाटलं. मग वीज गेली आणि नवल अर्धवट राहिलं.

४

वीज दुपारी उशिरा आली. राजाभाऊ आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून बसले.

"वाजव," ते म्हणाले. "एकेक वाद्य वेगळं करून वाजव. आणि मला काही समजावून सांगू नकोस. तू समजावलंस की माझा गोंधळ होतो."

आधी बासरी. बासरीचं पहिलं थांबणं येईपर्यंत राजाभाऊंचा अंगठा सवयीने बोटांच्या पेरांवर फिरत गेला. खात्यात असताना तराजूचा काटा स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते ते असंच मोजत. एका हाताची पेरं संपता संपता बासरी थांबली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा हात भरत आला तेव्हा थांबली.

"ओबो लाव."

ओबोही तसाच. क्लॅरिनेट तसाच. घरजावई हॉर्नही तसाच.

"बसून?"

"बसूनला हातच लावलेला नाही. तेच तर कळत नाही. चौघांना कापलं, त्याला सोडलं."

बसून वाजायला लागला. जाड आवाजात पुक, पुक, मग गप्प. पुक, पुक, मग गप्प. म्हातारा माणूस जिना चढतो तसा.

"हा मुळातच असा थांबत थांबत वाजतो?"

"हो, मी त्याला तसंच लिहिलंय. तो नुसता ठेका धरतो."

राजाभाऊ ताठ बसले. तीस वर्षांत शिकलेली एक गोष्ट त्यांना आठवली. व्यापारी एकदा कमी देईल, एकदा जास्त, तर ती चूक. दर वेळी सारखंच कमी देत असेल तर ती चूक नाही. त्याच्या पेटाऱ्यात एक माप आहे. या चोराकडे माप होतं. गाण्याचं वाक्य कुठे संपतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आपलं माप भरलं की तो तिथे कापत होता. आणि जो आपणहून थांबतो त्याला तो हात लावत नव्हता.

"यज्ञेश, तुझा हा ओबोवाला श्वास कधी घेतो?"

"कोण ओबोवाला? बाबा, तिथे कुणी नाहीये. ते सूर आहेत."

"मूळच्या गाण्यात. श्वास कधी घेत होता?"

यज्ञेशने भिंतीकडे पाहिलं. माणसाला वाजवता आली पाहिजे, ही अट त्याने भिंतीवर लाल अक्षरांत लिहून चिकटवली होती. सुराचा चढउतार, ओठांचा स्पर्श, बोटं उचलण्याचा आवाज, सगळं त्याने खऱ्यासारखं करून घेतलं होतं. फक्त यंत्राला दम लागत नाही, म्हणून वादकाला लागतो हे तो विसरला होता.

"घेतच नव्हता," तो हळूच म्हणाला. "खरा माणूस असता तर दुसऱ्या मिनिटाला खाली पडला असता."

"म्हणजे शेपट्या चोरीला गेल्या नाहीत. कुणीतरी श्वास ठेवलेत. आता शेवटचा भाग वाजव."

शेवटच्या भागात राजाभाऊंचा अंगठा एक हात पुरा करू शकला नाही. तीनच बोटं झाली आणि थांबणं आलं. मग दोन. चारही वाद्यांत तेच.

माप झिजत होतं.

"हे ज्याने केलं," राजाभाऊ म्हणाले, "त्याने प्रत्येक वाद्याबरोबर स्वतःचा श्वास धरून पाहिला. आणि वाजत वाजत पुढे जाता जाता तो दमला. मला आता फक्त एवढंच बघायचंय, की या घरात कुणाचा श्वास इतका आखूड आहे."

५

रहस्यकथेत संशयितांना एकत्र जमवायला दिवाणखाना लागतो. रत्नागिरीत सत्यनारायण पुरतो.

भटजींनी पोथी उरकली. चौरंगावर केळीच्या खुंटांमध्ये कोरी सीडी होती, तिच्यापासून सुरक्षित अंतरावर हळदकुंकू, आणि पुढ्यात वैदेहीने ठेवलेलं शिऱ्याचं भलं मोठं पातेलं. यज्ञेश घड्याळाकडे बघत होता. आरत्या सुरू झाल्या, आणि राजाभाऊ ज्या आरतीची वाट बघत होते ती आली. तिच्यात एका जागी एकच अक्षर दम असेल तितकं लांबवायचं असतं. कुणी ठरवलेलं नाही, पण घराघरात त्याची चुरस असते. देव उभा असतो आणि भक्त एकमेकांचा दम काढत असतात.

अक्षर आलं. सगळ्यांनी धरलं. राजाभाऊंनी डोळे मिटून अंगठा पेरांवर ठेवला.

पहिला सुटला ओमकार. चार बोटं झाली नाहीत तोच त्याला खोकला आला. राजाभाऊंनी एक डोळा उघडला. सापडला! पण दुसऱ्या कडव्याला ओमकार पुन्हा बरोबर तिथेच सुटला, तिसऱ्याला पुन्हा तिथेच. त्याचं माप आखूड होतं, पण झिजत नव्हतं. तंबाखूने कापायचं तेवढं आधीच कापून ठेवलं होतं. त्याने एकाही वाद्याला पहिला एक हातभर श्वास दिला नसता.

यज्ञेश एक हात भरून पुढे गेला. वैदेहीही. भटजी धंद्यातले, त्यांचं सोडा. स्वानंदीने दोन्ही हात भरले आणि तरी तिचा सूर निरांजनाच्या ज्योतीसारखा उभा होता.

यातलं कुणीच नाही. राजाभाऊ पुरते गोंधळले. माप होतं, पण मापाचा धनी नव्हता. की चोर बाहेरचा?

आणि मग त्यांना तो आवाज ऐकू आला, जो येत नव्हता.

लग्न होऊन मालिनी या घरात आली त्या वर्षी याच अक्षराला सगळी आळी थांबली होती. एकेक करत सगळे सुटले, पुरुषमाणसंसुद्धा, आणि शेवटी एकटी नवी सून डोळे मिटून धरून होती. तेव्हापासून दर वर्षी लोक शेवटी तिच्यासाठी थांबत. हे कधी बंद झालं? गेल्या वर्षी? त्याच्या आदल्या? राजाभाऊंना आठवेना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मालिनीबाई नव्हत्या.

"आई कुठाय?" त्यांनी वैदेहीला टाळ्यांच्या आडून विचारलं.

"आत गेल्या. शिरा लागतोय म्हणाल्या."

राजाभाऊंनी चौरंगाकडे पाहिलं. शिरा देवापुढे होता. चुलीवर काहीच नव्हतं.

६

मालिनीबाई मागच्या दारी पायरीवर बसल्या होत्या. एक हात दाराच्या चौकटीला होता. तोंड किंचित उघडं होतं, आणि खांदे वर जाऊन खाली येत होते. राजाभाऊ शेजारी बसले. आतून टाळ्या ऐकू येत होत्या.

"शिरा लागला का?" त्यांनी विचारलं.

मालिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खोटं बोलायला लागणारा श्वास त्यांच्याकडे नव्हता.

"कळलं तर तुम्हाला."

"पत्ते ओढता ओढता पट्ट्या ओढायला शिकलीस."

"त्यानेच दाखवलं होतं. कौतुकाने. आई, ही पट्टी इथून ओढली की..." त्या थांबल्या. "लांब बटण दाबलं की वाजतं. बंद करताना यंत्राने विचारलं, जपून ठेवू का. येस आणि नो एवढं इंग्रजी मला येतं. मी म्हटलं, येस."

"पण का गो?"

"रोज आंबे परतवताना ऐकते ना." थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "तो ओबोवाला श्वासच घेत नाही हो. त्याच्याबरोबर... माझाही धरला जातो. नकळत. तो सोडेल तर मी सोडीन. तो सोडतच नाही. जीव कासावीस होतो."

"तिथे कुणी नाहीये, मालिनी."

"ते मला सांगू नका. पहिल्यांदा कुणीतरी फुंकलाच असेल ना? आणि डिसेंबरात खरी माणसं येणार. परक्या देशातली. इथे येऊन गुदमरतील, आणि नाव कुणाचं खराब? माझ्या मुलाचं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "म्हणून एकेकाला सोडवला. बाकी मला गाण्यातलं काही कळत नाही."

राजाभाऊंचा अंगठा सवयीने पेरांवर गेला. दिवसभर न लागलेले सगळे हिशेब आता न मागता लागत होते. प्रत्येक बेड्याशी थांबणं. बेड्यावर टेकलेला हात. वादात आवरतं घेणं. ते जिंकत नव्हते. तिला श्वास पुरत नव्हता. हातात घेऊन पोकळ वजन ओळखणाऱ्या माणसाला घरातला श्वास दोन वर्षं अर्ध्या मापाने मिळत होता, आणि त्याने पावती फाडली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर मुंबईला नेलं असतंत. यज्ञेशचं अर्धवट राहिलं असतं." मग मालिनीबाई घाईने म्हणाल्या, "त्याला सांगू नका. हे गाण्याचं सांगा हवं तर. हे दुसरं नको."

"दोन्ही सांगणार," राजाभाऊ म्हणाले, आणि मागे वळले तर दारात यज्ञेश उभा होता.

तो पुढे आला. आईच्या पायाशी खालच्या पायरीवर बसला. आत भटजी दक्षिणेसाठी खाकरत होते.

"आई," तो म्हणाला, "क्लॅरिनेटला तू दोन श्वास फार जवळ दिलेस."

"तेव्हा मी दमले होते."

"ते दोन मी सरकवतो. बाकीचे राहू देत."

कुरिअरचं दुकान बंद होता होता ओमकारच्या मोटारसायकलवरून सीडी पोचली. निघताना वैदेहीने ती एकदा कपाळाला लावली. पुण्याला जायचं असलेल्या बाईने हे का करावं, हे मात्र राजाभाऊंना अखेरपर्यंत उलगडलं नाही.

निकालाचं इथेच सांगून टाकलेलं बरं. श्रावणात मुंबईहून फोन आला, की रचना निवडली आहे. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही स्वतः फुंकवाद्य वाजवता का? श्वासाच्या जागा एरवी इतक्या खऱ्या येत नाहीत. यज्ञेश म्हणाला, मी नाही, आई. त्या कुठलं वाद्य वाजवतात, असं त्यांनी विचारल्यावर यज्ञेशने डिसेंबरच्या तारखा विचारल्या. तोवर मालिनीबाईंच्या काळजाची अरुंद झालेली झडप मुंबईला नीट करून झाली होती, आणि घरात राजाभाऊंच्या चुका पुन्हा एका दमात मोजल्या जाऊ लागल्या होत्या.

पण ते पुढचं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजाभाऊ मालिनीबाईंना घेऊन डॉक्टरांकडे निघाले. घाटी नेहमीचीच होती. या वेळी ते पुढे गेले नाहीत. मथुराकाकूंच्या बेड्याशी आल्यावर मालिनीबाईंचा हात बेड्याकडे गेला आणि विषय शोधण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, तोच राजाभाऊ बोलले.

"काय मथुराकाकू! यंदा कुळीथ कसा काय?"

मथुराकाकूंच्या हातातलं सूप खाली पडायचंच बाकी होतं. राजाभाऊ जोगळेकर आपल्याशी बोलले, ही घटना त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. कुळीथ निघून किती महिने झाले हे सांगायलाही त्यांना सुचलं नाही. राजाभाऊ मात्र थांबले नाहीत. कुळथावरून कोकमावर, कोकमावरून जावयावर. पुढच्या वळणावर त्यांनी लवूला हाक मारून गाईची तब्येत विचारली. गाय गेल्याच महिन्यात विकली होती. मग विकत घेणाऱ्याची विचारली.

"अहो, पुरे," मालिनीबाई म्हणाल्या. "चला. झाला माझा श्वास घेऊन."

"थांब गो जरा," राजाभाऊ म्हणाले. "माझं बोलणं व्हायचंय."